फाट्यापासूनची सोबत

साहेब, भरसभेत तुम्ही खोटं बोललात. "या गावच्या पालकांना मुलींच्या शिक्षणाची आवडच नाही," म्हणालात, चहा प्यालात आणि गाडीत बसून निघून गेलात. समोरच शिवम्मा बसली होती. तिची गायत्री दहावीला शाळेत पहिली आलेली. आवड कशाला म्हणतात, ते तिला तुम्ही शिकवणार?

अकरावीचं कॉलेज मुरुमला. सकाळची एसटी गावात येते, परतीची मात्र फाट्यावरच उतरवून देते. तिथून उसातनं चालत यायचं. तिघी पोरी मिळून जाणार होत्या. पण राजनंदिनीचा मामा लातूरला, ती तिकडं गेली. दुसरीचं लग्न ठरलं. उरली गायत्री. एकटीला त्या उसातनं शिवम्मा पाठवीना. ह्यात अडाणीपणा कुठं आला? तुमच्या लेकीसाठी तुम्हीही हाच हिशेब केला असता. फक्त तुमच्याकडं गाडी आहे.

लातूरला मामा नसला की सोबत गावातच हुडकावी लागते. शिवम्मा रुद्रम्माच्या दारात गेली. रुद्रम्माची सून शिवप्रिया दहावी पास; लग्न होऊन वर्ष झालं होतं.

"अक्का, सुनेला गायत्रीसंगं पाठवा की."

"आन् म्हशीचं कोण बघंल? तुझा नवरा?"

"त्यो धारंला बसला तर म्हस दूध चोरंल. म्या येते की दोन्ही टायमाला."

रुद्रम्मा हसली. "फुकटची मोलकरीण गावली म्हण मला. पर ही शिकून शिरजोर झाली मंजी?"

"आत्ता काय कमी हाय व्हय? गावभर तुमीच सांगत फिरता."

"ते बी खरंच." रुद्रम्मानं अडकित्ता खाली ठेवला. "बरं, जाऊ दे. पर शिकाया न्हाय; गायत्री वर्गात बसली की ही भाईर झाडाखाली बसंल. येताना दोघी संगं येतील."

शिवम्माचा जीव भांड्यात पडला. लेकीचं काम झालं. ती उठणार, एवढ्यात पिठानं भरलेल्या हातानं शिवप्रिया चौकटीत येऊन उभी राहिली आणि सासूला म्हणाली,

"अत्ती, झाडाखाली बसाया म्या जाणार न्हाय."

शिवप्रिया शिवम्माकडं वळली.

"काकी, तुमाला लेकीला राखण पायजे, का मला बी कॉलेजात घालणार? म्हशीचं मागनं बोलू. आधी ह्याचं उत्तर द्या. दोघी बी द्या."