उपबेरजा दाखवा

रुग्णालयाच्या नियोजन विभागात तिला सगळे बेरीजबाई म्हणत. पुढच्या वर्षी कुठल्या वॉर्डात किती नर्स लागतील, याचा आराखडा संगणकावर मांडणं तिचं काम. तिच्या मांडणीत प्रत्येक वॉर्डाच्या पाळीवार आकड्यांखाली उपबेरीज असायची आणि सगळ्यात शेवटी एकूण बेरीज.

बैठकीच्या आदल्या दिवशी विभागाचे साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"उद्या एवढं लांबलचक नको. उपबेरजा लपव, फक्त एकूण आकडा ठेव. बघ कसा झकास वाढलाय!"

वाढला होता खरा. पण ती सगळी वाढ नव्या इमारतीतल्या खासगी खोल्यांसाठी होती. मुलांच्या वॉर्डाची उपबेरीज चक्क घटली होती.

"मग मुलांच्या वॉर्डातल्या नर्स कमी होतायत, हे बैठकीत कुणाला कळणार?"

"ज्यांना कळायला हवं त्यांना कळलंय." साहेब हसले. "की नणंदबाईंची काळजी लागलीय?"

तिची नणंद त्याच वॉर्डात नर्स होती. टोमणा वर्मी बसला, पण तिने उपबेरजांना हात लावला नाही.

संध्याकाळी नणंद सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसली होती.

"वहिनी, आज एका पोराची सलाईन संपली आणि मी दुसऱ्याच्या उलट्या आवरत होते. त्याची आई धावत आली म्हणून निभावलं."

बेरीजबाईने साहेबांचं बोलणं सांगितलं.

"नको गं या भानगडीत पडूस. लोक म्हणतील, नणंदेसाठी केलं."

"म्हणू देत. मीच आधी सांगून टाकते."

दुसऱ्या दिवशी बैठकीत पडदा उजळला. साहेबांनी सकाळीच परस्पर मांडणी बदलली होती. पडद्यावर एकच ओळ, एकच गुबगुबीत आकडा.

"वा! चांगलीच वाढ आहे," विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

बेरीजबाई उभी राहिली. "बाई, सही करू नका. यात उपबेरजा लपवल्यात."

"मांडणीची किरकोळ बाब आहे," साहेब घाईने म्हणाले. "तू खाली बस."

"किरकोळ असेल तर दाखवायला काय हरकत आहे?" तिने सरळ माउस ओढून घेतला आणि उपबेरजा पुन्हा उघडल्या. "माझी नणंद मुलांच्या वॉर्डात आहे. नंतर कुणी कुजबुजायला नको, म्हणून आत्ताच सांगते. आता आकडे बघा."

ओळी एकामागून एक उलगडल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला.

"रात्रपाळीला सबंध वॉर्डात एकच नर्स?"

पेनाला टोपण लागलं.

नवा आराखडा झाला तेव्हा नव्या इमारतीतल्या नर्सच्या काही जागा मुलांच्या वॉर्डाला मिळाल्या. मागितल्या तेवढ्या नाही, पण रात्री दुसरी नर्स आली.

बेरीजबाईची मात्र तळघरातल्या भांडारात बदली झाली. कागद हातात देताना साहेब म्हणाले, "माफी मागितलीस तर अजून बघता येईल."

"चुकलेला आकडा दाखवा, उभ्याउभ्या मागते."

तिने खिडकीतली कुंडी काखोटीला मारली आणि लिफ्ट समोर असूनही जिना धरला. वाटेत प्रत्येक मजल्यावर लोक विचारत होते, कुठे निघालीस? ती खणखणीत आवाजात सगळ्यांना कारणासकट सांगत खाली उतरली.