उवा नसल्याचा ठराव

श्रेयाला वर्गात वेगळ्या बाकावर बसवलं, त्याला आता दीड महिना होत आला होता. बाक खिडकीजवळचा आहे, वारा चांगला येतो, असं वर्गाच्या बाईंनी तिच्या आईला, रश्मीला, फोनवर सांगितलं होतं. बाई वाईट नव्हत्या. तिसरीच्या वर्गात अडतीस मुलं. कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते बघायला त्यांना सवड नव्हती. श्रेयाच्या डोक्यात चाललेलं तेवढं दिसलं, कारण ती पहिल्या बाकावर बसायची. हुशार मुलांचा हा तोटा असतो.

नियम साधा होता. डोकं साफ झालं की आपल्या जागेवर परत. त्याप्रमाणे श्रेया दोनदा जागेवर गेली होती, आणि दोन्ही वेळा दहा-बारा दिवसांत पुन्हा खिडकीशी आली होती.

रश्मी बारामती एमआयडीसीत एका डेअरीत दह्याचे कप भरायच्या कामावर होती. आठ तास डोक्याला जाळीची टोपी आणि हातात मोजे. दह्यात एक केस निघाला तरी चौकशी बसायची. संध्याकाळी स्कूटीवरून सणसरला आली की चहा, भाकरी, आणि मग ओट्यावर पोरीचं डोकं मांडीवर. फणीचे दात बारीक, केस कमरेपर्यंत, आणि पोर मान वाकडी करणारी. सापडलेली ऊ दोन अंगठ्यांच्या नखांत धरून दाबली की टच्च आवाज यायचा. अख्ख्या दिवसात मनासारखं झालेलं तेवढंच.

औषधही करून झालं होतं. मेडिकलवाल्यानं बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, इकडंतिकडं बघून दिली होती. नवरा बुद्धघोष इंदापूरला नोकरीला, शनिवारी घरी यायचा. आल्यावर विचारायचा, "अजून हायत का?" कचेरीत अडकलेल्या कागदाबद्दल विचारावं तसं. आहेत म्हटलं की मान हलवायचा. कागद अडकतात, हे त्याला ठाऊक होतं.

उवा कुठून येतात हे रश्मीला माहीत होतं. तीन घरं सोडून राजलक्ष्मी राहायची. तिची आणि श्रेयाची मैत्री बालवाडीपासूनची. वर्गात बाक वेगळे केले तरी शाळा सुटल्यावर दोघी एका मोबाइलवर डोक्याला डोकं लावून बसायच्या. एकदा राजलक्ष्मीची रिबीन बांधताना रश्मीला तिच्या कानामागं लिखांची रांग दिसली होती, ज्वारी पेरल्यासारखी. म्हणून ती राजलक्ष्मीच्या आजीकडं, ठमाबाईंकडं गेली. ठमाबाई म्हणाल्या, आमच्यात तसलं काही नाही, आम्ही शिकेकाईनं धुतो. उवांना शिकेकाईचं वावडं नसतं, त्यांना धुतलेलं डोकंही चालतं, हे रश्मीला सांगायचं होतं. पण ठमाबाईंचे यजमान सर्जेराव सोसायटीचे माजी चेअरमन होते, आणि माजी चेअरमनच्या घरात उवा असतात असं तोंडावर सांगणं अवघड होतं. दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मी डोक्याला तेल थापून, दोन घट्ट वेण्या घालून आली. तेलाखाली उवा होत्या तशाच होत्या, फक्त चमकत होत्या.

त्या रविवारी तिसऱ्यांदा डोकं साफ झालं. रश्मीनं फणी झटकली आणि श्रेयाला सांगितलं, उद्या जागेवर जायचं.

"नको," श्रेया म्हणाली. "परत उठिवत्यात. खिडकीपाशीच बरं हाय."

रडली नाही, चिडली नाही. बसची जागा सांगावी तसं सांगितलं आणि खेळायला गेली.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तिचे आजोबा, श्रीपती आबा, पेपर वाचत होते. आबांनी गावातल्या सोसायटीत एकतीस वर्षं सचिव म्हणून सभांची इतिवृत्तं लिहिली होती. त्यामुळं ते कमी बोलायचे; बोललेलं सगळं लिहावं लागतं, ही धास्ती निवृत्तीनंतरही गेली नव्हती. त्यांनी पेपरची घडी घातली.

"येगळं बसायची सवय लागती," ते म्हणाले. "साळंत मला लागली व्हती. मोडायला लई वर्सं गेली."

रश्मीनं फणी खाली ठेवली. लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती, आबा शाळेत कुठं बसायचे हे घरात कुणी कधी काढलं नव्हतं. ती काही विचारणार तेवढ्यात आबांनी औषधाच्या खोक्यातला कागद मागितला. चष्मा लावला आणि तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. त्या कागदाच्या नशिबी हे बहुधा पहिल्यांदाच आलं असावं.

"सात ते धा दिसांनी परत लावा, असं लिव्हलंय. तू किती येळा लावलं?"

एकदाच, ती म्हणाली. पहिल्या वेळी एकदा, दुसऱ्या वेळी एकदा, आता एकदा. उवा मेल्या की मग कशाला लावायचं?

आबांनी समजावलं. औषधानं ऊ मरते, लीख तगते. आठवड्यात ती फुटते, आणि तिच्या पिल्लांनी अंडी घालायच्या आत दुसरा हात मारावा लागतो. हे उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी किडीसारखंच. हुमणीचे भुंगेरे रात्री कडुलिंबावर बसतात, ते सगळ्या शिवारानं एकदम झाडून मारले तर ऊस वाचतो. एकट्यानं मारले तर शेजारच्या लिंबावरचे येतात.

"शेजारी तर न्हायच म्हणत्यात, आबा."

"म्हणू दे की. त्यास्नी न्हाय म्हणायची सोय करून दिली पायजे."

दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचा सदरा घालून सर्जेरावांकडं गेले. काय बोलणं झालं ते कळलं नाही. सर्जेरावांनी बोलता बोलता टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली, एवढं ठमाबाईंनी पाहिलं. शनिवारी संध्याकाळी दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर गल्लीतल्या अकरा घरांची सभा ठरली.

या भागात चार माणसं एकत्र आली की त्यातला एक अध्यक्ष होतो. सर्जेराव झाले. ज्यांनी आयुष्यात फणी हातात धरली नव्हती ती सगळी पुरुषमंडळी बोलली, आणि बायका मागं बसून ऐकत राहिल्या. उवा एसटीतून येतात असं एकाचं मत पडलं. दुसरा म्हणाला, ऊसतोडीवाल्यांकडून. तिसरा म्हणाला बारामतीहून, कारण सगळंच तिकडून येतं. कोपऱ्यातून एकानं सुचवलं की उसाला मारायचं औषध पंपात शिल्लक आहे, तेच पातळ करून लावू. त्यावर आबा म्हणाले की त्या बाटलीवर कवटीचं चित्र आहे. त्यानं उवा जातील, पण पोरंही जातील. ही सूचना इतिवृत्तात घेतली नाही.

मग त्यांनी उभं राहून ठराव वाचला.

"आपल्या गल्लीत कोणाच्याही घरी उवा नाहीत, याची ही सभा समाधानपूर्वक नोंद घेते. तथापि खबरदारी म्हणून उद्या रविवारी सकाळी सर्व घरांतील सर्व डोक्यांना मेडिकलमधील औषध लावण्यात यावे."

सूचक सर्जेराव. सगळ्यात आधी हात वर केला तो ठमाबाईंनी. एकमतानं मंजूर.

रविवारी अकरा ओट्यांवर अकरा घरं टॉवेल गुंडाळून बसली. मेडिकलमधल्या बाटल्या संपल्या, तशा बारामतीहून आणखी मागवल्या. कागदावर लिहिलेली दहा मिनिटं मोबाइलवर मोजली गेली आणि मग सगळीकडं फण्या चालू झाल्या. रश्मी घरोघर फिरून ओले केस कसे धरायचे, फणी मुळापासून कशी ओढायची ते दाखवत होती. आठवड्याची तिची ती एक सुट्टी होती. ठमाबाईंच्या मांडीखालच्या पांढऱ्या फडक्यावर काय पडलं ते कुणी पाहिलं नाही, कारण त्यांनी ते लगेच घडी करून चुलीत घातलं. खबरदारीचा उपाय फारच यशस्वी झाला होता.

आठवडाभर खिडकीशीच बसलेली श्रेया सोमवारी कुरकुरत जागेवर गेली.

गुरुवारी रश्मीनं दुसऱ्या हाताची आठवण करून दिली, तेव्हा गल्लीला आश्चर्य वाटलं. एकदा झालं की. ठमाबाई म्हणाल्या, ठरावात एकच रविवार होता. ठरावात खरंच एकच रविवार होता. रश्मी घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि भिंतीला टेकून बसली. पुढच्या आठवड्यात पोर परत खिडकीशी जाणार आणि या वेळी तिथून उठणार नाही, एवढं तिला दिसत होतं. आणि ज्वारी भिजवायची राहिली होती, तेही दिसत होतं.

"ज्वारी मी भिजवली," आबा म्हणाले. "शनिवारी सभा हाय."

सूचनेवर एकच विषय होता: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. या विषयाला विरोध झाल्याचं आबांना एकतीस वर्षांत आठवत नव्हतं. इतिवृत्त वाचतात, लोक तोपर्यंत चहाची वाट बघतात, आणि हात वर करतात. यावेळीही हात अर्धे वर गेले होते, तेवढ्यात आबांनी सांगितलं की कायम म्हणजे कामासकट कायम. उद्या परत एकदा औषध.

सर्जेरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आबा, माणसं कटाळल्यात आता. न्हाय केलं कायम, तर काय बिघडतंय?"

"काय न्हाय, चेअरमन. ठराव रद्द व्हतो." आबांनी वहीचं पान उलटलं. "मग 'कुणाच्याबी घरी उवा न्हायत' हेबी रद्द."

सर्जेरावांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मागच्या बाजूनं ठमाबाईंचा हात वर गेला, आणि मग बाकीचे.

दुसऱ्या रविवारी औषध लावताना कुणाचा उत्साह नव्हता, पण लावलं सगळ्यांनी. कायम झालेल्या गोष्टी या भागात अशाच होतात.

त्यानंतर चार आठवडे गेले. रश्मी संध्याकाळी आली की सवयीनं पोरीला ओट्यावर घ्यायची. फणी मुळापासून शेंड्यापर्यंत ओढायची, फडक्यावर झटकायची, आणि फडकं कोरडं असायचं. तरी दहा-बारा वेळा ओढायची. हात थांबला की डोळे मिटायचे.

"खिडकीपाशी आता कोण बसतं गं?" पेपरमागून आबांनी विचारलं.

"कुणी न्हाय. दप्तरं ठेवत्यात."

"कुणाला बसिवलं न्हाय ना?"

"न्हाय म्हटलं ना, आबा."

आबांनी पेपर परत वर धरला. तो बराच वेळ त्याच पानावर होता. इकडं रश्मी बसल्या बसल्या झोपली होती आणि फणी तिच्या हातातच होती. मग श्रेयानं ती हळूच काढून घेतली, आईच्या मागं जाऊन बसली आणि तिचा अंबाडा सोडला. डेअरीच्या टोपीनं चेपलेले केस पाठीवर पसरले.

"आबा, आईचं कुणी बघितलंच न्हाय की."

"बघ मग," आबा म्हणाले. "काय सापडलं तर आधी मला सांग."