वर्षाराणीच्या खानावळीतली भाकर

दिंद्रुडच्या बाहेर, जिथं गाव संपून प्लाट सुरू होतात, तिथं आमची वस्ती. अर्धी घरं पत्र्याची, अर्धी स्लॅबची. तिथं खानावळ निघाली तर लोकांना सण झाल्यावानी झालं. पाटी काय लावलती, 'वर्षाराणी खानावळ, घरगुती चव, आमची कोठेही शाखा नाही.' मी म्हणलं, घरगुती चव पाहिजे तर घरी जेवा की! घर काय चोरीला गेलंय?

माझी शेजारीण बायनाबाई, ती बी त्या नादाला लागली. लेकानं मोबाइलवर तिथल्या ताटाचं रील टाकलं म्हणून मिरवायची. "रतनबाई, एकदा भाकर खाऊन बघ गं. पापुद्रा असा सुटतोय, बघत राहावं."

"माझ्या घरी परात हाय, तवा हाय, देवानं दोन हात दिलेत," मी म्हणलं. "मला दुसऱ्याची भाकर कावून पाहिजे?"

खरं सांगायचं तर त्या वर्षाराणीचाच मला भरोसा नव्हता. पुण्याहून माघारी आलेली बाई. नवऱ्यानं सोडली का हिनंच नवरा सोडला, देवाला ठाऊक. नखं ही एवढाली, लालभडक. गाऊनवर ओढणी घेऊन गल्ल्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या दादा, बसा दादा'. इतकं गोड बोलणारं माणूस मला पहिल्यापासून पचत न्हाई.

आणि नेमकं तवाच आमच्या मालकाचं लक्षण बदललं.

दिवस कलला की ह्यांची चुळबूळ सुरू. साबण घेऊन कोपरापस्तोर हात धुवायचे. ज्या माणसानं जन्मात नखं काढली न्हाईत, त्यो उंबऱ्यात बसून नखं काढायला लागला. "कुठं चाललात?" म्हणलं की "पारावर." माघारी आले की जेवायला नको. "भूक न्हाई." अगं बाई, दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसाला भूक न्हाई? एक दिवस चारी बोटं भाजलेली. "बिडी लागली," म्हणले. बिडी काय चार बोटांनी धरतात व्हय? आणि कहर म्हणजे सदऱ्याच्या गळ्यापाशी पांढरं पांढरं. पावडर! ह्या वयात, लेकीचं लगीन झालेला माणूस पावडर लावतोय! मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत न्हाई.

तरी मी गप व्हते. मग बायनाबाईनं सांगितलं, "तुझे मालक खानावळीच्या मागच्या दारानं आत जाताना मी बघितले गं. रोज जातात." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तुमी म्हणाल, बाई संशयी हाय. हाय मी संशयी! पण माझ्या जागी बसून बघा. आमी ऊसतोडीची माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कोण विचारतंय? दसरा झाला की टोळ्या निघणार. मालक त्या बाईपाशी राहिले तर मी काय करायचं? संसार बी गेला, काम बी गेलं. लेकीच्या सासरी जाऊन तोंड वर करून भाकर मागायची का?

दुसऱ्या दिवशी हे 'पारावर' गेले, आणि मी चांगलं लुगडं नेसून सरळ खानावळीत गेले. जन्मात पहिल्यांदा हाटेलच्या बाकड्यावर बसले.

"या मावशी," वर्षाराणी म्हणाली. "काय देऊ?"

"भाकर. आणि काय असंल ते कालवण." मी तिच्या डोळ्यात बघितलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण ही बया तर हसली.

शेजारच्या बाकड्यावर परमेश्वर मुकादम बसलता. ह्याच्याच टोळीत आमी दरसाल जातो. कालवणात भाकर कुस्करत तो चारचौघांना सांगत व्हता, "काही म्हणा, ह्या भाकरीला तोड न्हाई बे. कोण बाई हाय मागं, तिच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पाहिजे."

माझं ताट आलं. वांग्याचं कालवण बरं व्हतं, तिखट जास्त. भाकर मात्र मी उचलून उलटी-पालटी करून बघितली. कडेला चीर न्हाई. मधी जाड न्हाई. सगळीकडून सारखी फुगलेली. आणि नखाची एक खूण न्हाई. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या लाल नखांनी ही भाकर थापलीच जाणार न्हाई! एक बोट टेकलं तरी भाकर फाटंल. म्हणजे मागं दुसरीच कोणी हाय. घ्या! इथं एकीचा हिशोब लागंना, त्यात दुसरी. आणि चार पावसाळे बघितलेली दिसतीय, पोरीसोरीचा हात न्हाई हा.

हात धुवायचं निमित्त केलं आणि मागं गेले. पत्र्याच्या आडोशातनं थापायचा आवाज येत व्हता. थप थप थप, मधीच परात फिरवल्याचा आवाज. मी पदर खोचला. म्हणलं, आज झिंज्या धरूनच बाहेर काढते.

आत चुलीपुढं आमचे मालक मांडी घालून बसले व्हते.

डोक्याला फडकं बांधलेलं. दोन्ही हात पिठानं पांढरे, गळ्यापस्तोर पीठ. भाकर ह्या हातावरनं त्या हातावर घेतली, तव्यात टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला. दुसरं कोणी बाईमाणूस तिथं नव्हतं.

मला बघून त्यांचा हात तसाच राहिला. "तू? तू कावून आलीस?"

"तुमी काय करताय?"

"हळू बोल, बाहेर मुकादम हाय." ह्यांनी उठून आडोसा ओढून घेतला. "कंबर साथ देईना आता. ऊस तोडायला वाकलं की कळ येती. हिथं बसून काम हाय, घराजवळ हाय. यंदा फडावर जायचंच न्हाई, असं मनात व्हतं. तुला सांगणारच व्हतो. पण लोकांना कळलं तर बायल्या म्हणतील ना मला."

देवाची आण, मला लई हलकं वाटलं. माणूस माझाच हाय, कुठं गेलेला न्हाई. हसू बी आलं, रडू बी आलं. म्हणलं, किती चांगलं थापताय वो. कुणी शिकवलं? त्या बाईनं?

"ती काय शिकवती!" हे खूश झाले. "लग्नाआधी बापाच्या टोळीत जायचो ना, आई नव्हती, तर सगळ्यांच्या भाकरी मीच करायचो. हात विसरत न्हाई बघ."

"लग्नाआधी?"

"हां."

"मग नंतर?"

"नंतर तू आलीस ना," हे म्हणले. अगदी सरळ म्हणले.

मला एकदम जुनं आठवलं. आमची लेक उज्ज्वला फडावरच्या पाचटाच्या कोपीत झाली. ओली बाळंतीण मी, तिसऱ्याच दिवशी चुलीपुढं बसले व्हते. डोळ्यापुढं अंधारी येत व्हती. म्हणलं व्हतं, 'अवो, आजच्या दिस तेवढी तुमी थापता का?' तर हे म्हणले व्हते, 'मला येत असती तर केली नसती का?' आणि कुशीवर वळून घोरायला लागले. मला ते खरंच वाटलं व्हतं. उलट मलाच वाईट वाटलं, की बिचाऱ्या माणसाला मी नको ते सांगितलं. सगळे हंगाम मी पहाटे अंधारात उठले, थापल्या, मग दिवसभर ह्यांच्या बरोबरीनं ऊस तोडला. एवढा संशय घेतला मी ह्या माणसाचा, आणि जिथं घ्यायचा तिथं कधी घेतलाच न्हाई.

मी माघारी फिरले. बाकड्यावर येऊन बसले आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं ओरडले, "अवो, भाकर आणा! तुमी स्वतः आणा!"

आत काही हाललं न्हाई. मी पुन्हा ओरडले. मग हे आले. डोक्याला फडकं, हात पांढरे, ताटलीत भाकर. मुकादमाचा घास तोंडातच राहिला.

"बंकट? तू व्हय बे मागं?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. "हसू नका," मी म्हणलं. "ताट चाटून खाल्लंय तुमी." ह्यांनी खाली मान घालून भाकर माझ्या ताटात ठेवली.

मी तुकडा मोडला. बोटाला चटका बसला. लगीन झाल्यापासून तव्यावरची भाकर मी बसून कधी खाल्ली नव्हती. सगळ्यांचं होऊन माझी पाळी येईस्तोवर ती गार व्हायची. ही भाकर गोड व्हती, मऊ व्हती, माझ्यापेक्षा बी चांगली झालती. तेच माझ्या काळजाला लागलं. वाईट झाली असती तर मी माफ केलं असतं.

हे तिथंच उभे व्हते, मी काय बोलते त्याची वाट बघत.

"दुसरी आणा," मी म्हणलं.