श्रीपतीच्या गोड बातम्या

माकणीत सकाळचा चहा झाला की श्रीपती पेपर उघडायचा आणि चांगुणाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. चांगुणाला अक्षरओळख नव्हती. नवी नवरी होऊन ती आली तेव्हाच तो म्हणाला होता, "बातमी आली तर दोघांला कळंल." धरणावरची नोकरी सरली, केस पिकले, तरी तो शब्द त्यानं मोडला नव्हता.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र बातम्या बदलल्या. कुठं अपघात होईना, कुणी मरेना. सोयाबीनचा भाव तर रोज चढायला लागला. चांगुणानं कौतुकानं ते शेजारच्या द्वारकाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "कशाचा चढलाय? काल मुरुमच्या बाजारात माल घातला की आमी. पडलाय उलटा."

दुसऱ्या दिवशी चांगुणानं पेपरातल्या फोटोवर बोट ठेवलं. "ह्यो कोण हाय?"

श्रीपतीनं पेपर लांब धरला, मग जवळ आणला. "आसंल कुणीतरी पुढारी."

फोटोत उसात दडलेला बिबट्या होता.

चांगुणाला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. तिनं नवऱ्याकडं नीट बघितलं. सदरा अंगावर लोंबत होता. पायाला चप्पल चावली होती, ती जखम अजून ओलीच होती. रात्री सारखा लघवीला उठायचा, परत आला की तांब्या तोंडाला लावायचा. ऊन लई हाय, म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

"दिसत न्हाय ना तुमाला?"

श्रीपतीनं पेपराची घडी घातली. "धुरकट दिसतंय. वय झालं, मोतीबिंदू आसंल."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू चहा ठेवल्यापास्नं वाट बघत बसतीस. तुला काय सांगू, आजपासून बातम्या बंद म्हणून?"

"मोतीबिंदूनं माणूस वाळत न्हाय. माझ्या आईचं असंच झालतं. पाणी पीत ऱ्हायची अन् वाळत गेली. आमी उन्हाचं समजलो. उठा, चपला घाला."

जीप करून दोघं लोहाऱ्याला सरकारी दवाखान्यात गेले. बोटाला टोचून रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी त्याला ठेवून घेतलं, सलाईन लावली, जखम धुऊन पट्टी केली.

"आजी, वेळेवर आणलंत. अजून अंगावर काढलं असतं तर बेशुद्ध पडले असते."

"अन् डोळे?"

"साखर आटोक्यात आली की बरंचसं निवळेल. तोवर नवा चष्मा करू नका. नंतर डोळे एकदा दाखवून घ्या."

घरी आल्यावर सकाळी पेपर चांगुणा उघडायची. फोटो बघून जमेल तसं सांगायची, "ही बाई रडतीय. ह्या माणसाच्या गळ्यात लई हार पडल्यात, निवडून आलाय वाटतं." श्रीपती बिनसाखरेचा चहा पीत डोळे मिटून ऐकायचा. मधेच म्हणायचा, "तिला का रडाया आलं?" मग चांगुणा आपल्या मनानं कारण जोडून द्यायची.

हळूहळू धुरकटपणा गेला. आधी मोठी अक्षरं लागली, मग बारीक. जखमही भरून आली. गोळ्या मात्र कायमच्या.

आता संध्याकाळी दोघं कालव्याच्या कडेनं फिरायला जातात. श्रीपती अजून जपून पाय टाकतो, म्हणून चांगुणा आपली चाल आवरते.