इमारत क्रमांक सातचे मालक

घर घ्यायची ऐपत नाही, पण घराचा तुकडा घ्यायला काय हरकत आहे? असं म्हणून तिने शिवणकामातून साठवलेले पैसे फोनवरच्या एका कंपनीत घातले. तिच्यासारखे शेकडो जण थोडेथोडे टाकणार, कंपनी त्यातून जुनी इमारत घेणार, डागडुजी करून चढ्या भावाने विकणार आणि नफा सगळ्यांत वाटणार. वर मालकांना मान केवढा! काय करायचं ते त्यांनीच फोनवर मत देऊन ठरवायचं. पत्ता मात्र काम पुरं होईपर्यंत गुलदस्त्यात. नुसती 'इमारत क्रमांक सात' आणि संगणकावर रंगवलेली चकाचक चित्रं.

पहिला प्रश्न आला तेव्हा ती दुकानात कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. 'भाडेकरूंना ठेवून सावकाश काम, की इमारत मोकळी करून झटपट?' दातात दोरा धरूनच तिने 'झटपट' दाबलं. झटपट कुणाला नको असतं हो? पैसे लवकर सुटले तर मावशीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन उरकेल, एवढाच तिचा विचार होता.

आई गेल्यावर मावशीनेच तिला तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं, वाढवलं. त्यापायी मावशीचं स्वतःचं लग्न राहून गेलं, पण त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलायची. काही आठवड्यांनी एके दिवशी फोनवर तर तिच्या तोंडाचा पट्टा थांबेना.

"मेल्यांनी खिडक्या काढून नेल्या गं! नव्या बसवतो म्हणाले आणि गेले ते गेलेच. खालच्यांनी सगळ्यांनी गाशा गुंडाळला. मालक बदललाय म्हणे. बदलू दे! मी नाही हलणार."

संध्याकाळी कंपनीचा निरोप आला. 'अभिनंदन, मालकहो! कामाला वेग आलाय.' खाली फोटो होता, भिंतीला टेकवलेल्या खिडक्यांचा. एकीच्या फुटक्या काचेच्या जागी डब्याचा पत्रा ठोकलेला. तो तिनेच ठोकला होता, शाळेत असताना. मत बदलायला गेली तर 'मतदान संपले आहे'. कंपनीला फोन लावला तर नुसतं संगीत.

दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकचा कागद घेऊन धावली. जिन्याचा कठडा गायब होता. भिंतीला धरून वर पोचली तर दारातच मावशीने मुकादमाला फैलावर घेतलं होतं.

"आजी, मालक एक असता तर आणला असता हो," तो म्हणाला. "साडेचारशे आहेत. कुणाला धरून आणू?"

"एक आण. एकच! त्याला इथे बसवते, चहा पाजते आणि विचारते, बाबा रे, मी आता जाऊ कुठे?"

मुकादम मान खाली घालून उतरला. भाची म्हणाली, "माझ्याकडे चल ना, मावशी."

"तुझ्या त्या एका खोलीत? तुम्ही चौघंच कसेबसे आडवे पडता. मी काय माळ्यावर झोपू?"

भाची स्टुलावर चढून खिडकीच्या भोकाला कागद ठोकू लागली. वारा तो परत परत हिसकून घेत होता. टेबलावर तिचा फोन वाजला.

"राहू दे मावशी, मी बघते!"

पण मावशीने चष्मा लावलाही होता. ती मोठ्याने वाचू लागली. "'सन्माननीय मालक, इमारत क्रमांक सातच्या तिसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू अजून आहे. जिना आधी काढायचा का? हो. नाही.'"

मावशीने वर पाहिलं.

"तुला मालक का म्हणतायत गं?"

भाची स्टुलावरून उतरली आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. गुडघ्यांचंसुद्धा. मग फोन ओढून घेऊन तिने 'नाही' दाबलं. पडद्यावर 'हो'ची रेघ सरसर लांबत चालली होती. 'नाही'ची जेमतेम दिसत होती. खाली हातोडा चालू होता.

"आपण कोर्टात जाऊ, मावशी! मी येते तुझ्याबरोबर. हलायचं नाही, तूच म्हणालीस ना?"

मावशी चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिने पदराने भाचीचं तोंड पुसलं.

"परक्याशी भांडले असते गं, जीव असेपर्यंत," ती म्हणाली. "तुझ्याशी कशी भांडू?"

मग ती भिंतीला धरून कपाटापाशी गेली.

"वरची पेटी काढ, सामान भरायला. माझा हात पोचत नाही."