पुढच्या सीटचं वजन

"उतरा रे बाबांनो, ही नाचरी गाडी आहे! हिच्यात बसाल तर वाटेत समुद्रस्नान घडेल," पलीकडच्या व्हॅनचा ड्रायव्हर ओरडला, आणि रुश्दीच्या गाडीत बसलेले तेलविहिरीवरचे दोन कामगार खरंच आपापल्या पिशव्या उचलून खाली उतरले.

सुवेझच्या स्टँडवर त्या सकाळी वारा सुटला होता. टपरीवरची ताडपत्री फडफडत होती आणि चहाच्या ग्लासात वाळूची साय धरत होती. बाकावर बसलेल्या शहाताने ती बोटाने बाजूला सारली आणि मुलाकडे पाहिलं. रुश्दी आधीच स्वच्छ असलेली काच पुसत होता. दरवाजाएवढ्या खांद्यांचा हा गडी त्या दोघांना एका शब्दानेही अडवत नव्हता, उलट ते गेले म्हणून त्याला बरं वाटल्यासारखं दिसत होतं.

स्टँडचा म्होरक्या बयूमी बाकावर येऊन टेकला. कोणाची गाडी कधी सुटायची हे त्याच्या शब्दावर चाले.

"अम शहाता, काका म्हणून तुमचा मान ठेवून सांगतो. तीनदा पोरगा जाफरानावरून गाडी परत घेऊन आलाय. एकदा म्हणे इंजिन तापलं, एकदा पोट दुखलं, एकदा चाक. प्रवासी येऊन माझी गचांडी धरतात. आज परत फिरला तर त्याचा नंबर कायमचा गेला. मग शहरात टमाटे वाहू दे त्याला."

"इंजिन तापलं असेल खरंच."

"वारा असेल त्याच दिवशी तापतं होय हो?"

शहाताने रस्त्याकडे पाहिलं. याच रस्त्यावर त्याचं आयुष्य गेलं होतं. सुवेझहून दक्षिणेला रास गारिबपर्यंत, डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला डोंगर. डोंगर आहे तोवर सगळं गोडीगुलाबीचं असतं. जाफरानाला तो एकाएकी संपतो, मोठं खोरं उघडतं, आणि आतल्या वाळवंटातून आलेला वारा गाडीला कुशीत ढुशी देतो. पुढे पुन्हा डोंगर लागेपर्यंत तोच खेळ.

त्याच्या वेळी या रस्त्यावर लांबलचक पेजो गाड्या होत्या. सात माणसांची गाडी, जमिनीला धरून चालणारी. सगळे तिला लाडाने बिजो म्हणत. शहाताची पांढरी होती. मोतीबिंदूने लायसन्स गेलं तेव्हा ती विकली, आणि ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी तो जेवला नव्हता. आता या उंच टपाच्या व्हॅन आल्या. चौदा माणसं बसतात, एवढंच काय ते कौतुक.

तो उठला आणि व्हॅनभोवती एक फेरी मारून आला. टपावर सिमेंटच्या गोण्या होत्या, मागच्या बाकाखाली गॅसच्या टाक्या, आणि मागच्या ओळीत चार दांडगे कामगार खांद्याला खांदा लावून बसलेले.

"मागची ओळ आधी भरतोस?"

"सगळेच भरतात, बाबा. पुढे रिकामं दिसलं की गिऱ्हाईक येतं. पुढची सीट तर शेवटीच द्यायची, दोस्ताला नाही तर सिगारेट पाजणाऱ्याला."

"बिजोचं ठीक होतं. ही भिंत आहे, भिंत. इकडे ये."

शहाताने खिशातली काड्यापेटी बाकावर ठेवली. तिच्या एका टोकावर, शेपटीकडे, साखरेचे दोन खडे ठेवले आणि कडेवर, मधल्यापेक्षा जरा पुढे, बोटाने टिचकी मारली. पेटीचं शेपूट जागचं हललं नाही, तोंड मात्र गर्रकन वळलं. मग त्याने खडे उचलून तोंडाच्या टोकावर ठेवले आणि तिथेच पुन्हा टिचकी मारली. आता पेटी थोडी सरकली, पण फिरली नाही.

"वारा ढकलतो तो गाडीच्या पुढच्या अंगाला. तू सगळं वजन शेपटीत भरलंस तर नाक हलकं राहतं, आणि वारा नाक धरून तुला समुद्राकडे वळवतो. त्यात उंची एवढी, वर आणि टपावर सिमेंट. ती नाचणार नाही तर काय करेल बिचारी?"

रुश्दी काड्यापेटीकडे पाहत राहिला. "मग माझ्यात काही खोट नाही?" त्याने हळूच विचारलं.

त्या एका प्रश्नाने म्हाताऱ्याला गलबलून आलं. एवढा मोठा बाप्या, आणि हा प्रश्न किती दिवस पोटात घेऊन फिरत होता कोण जाणे.

सिमेंट टपावरून उतरून मधल्या बाकांखाली गेलं, टाक्या चालकाच्या मागे आल्या, चौघे दांडगे कुरकुरत पुढच्या ओळीत सरकले. मागे दोन सडपातळ विद्यार्थी बसले. घाबरून उतरलेले दोघे कामगारही परत आले, कारण दुसरी गाडी भरून गेली होती. चालकाशेजारची सीट तेवढी उरली.

"तिथे मी बसतो," शहाता म्हणाला.

"तुमचं वजन ते किती बाबा? सोललेल्या कोंबडीएवढं."

बयूमी खो खो हसला. "उम रुश्दी, पोराची आई, पाहिजे होती आज! अल्लाह तिला जन्नत देवो. ती पुढे बसली की वारासुद्धा सलाम करून बाजूला व्हायचा."

जुने ड्रायव्हर सगळे हसले. शहाताही हसला. नबविया, त्याची बायको, खरंच भरभक्कम होती. वाऱ्याचे दिवस आले की वीस वर्षं ती बिजोच्या पुढच्या सीटवर बसून जायची आणि यायची. एका सीटचं भाडं बुडायचं. शहाता सगळ्यांना सांगायचा, माझी गाडी नाकात हलकी आहे, तिला बायकोचं वजन लागतं. मग स्टँडवर रोज थट्टा. 'आली रे आली, सुवेझची क्रेन आली!' थट्टेवर सगळ्यांत मोठ्याने नबवियाच हसायची. आणि घरी हीच बाई लग्नातले फोटो उलटे करून ठेवायची, शेजारणीने 'जाड' म्हटलं तर दोन दिवस अबोला धरायची.

गाडी निघाली. डोंगराच्या आडोशाला ती शहाण्या गाढवासारखी चालली. मागे कामगारांच्या गप्पा रंगल्या, कोणी मीठ लावलेल्या बिया फोडू लागलं. शहाताला अंधुक दिसत होतं, पण मुलाची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडलेली त्याला दिसली. त्या बोटांना तो ओळखत होता. ती त्याची स्वतःची होती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्याच्यासमोर एक गाडी त्या खोऱ्याच्या तोंडाशी उलटली होती. त्यानंतर शहाताने आठवडाभर क्लच बिघडल्याचं सांगितलं. आठव्या दिवशी नबविया टोपली घेऊन स्टँडवर हजर. "मला रास गारिबला बहिणीकडे जायचंय," म्हणाली आणि पुढे बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बहीण. चौथ्या दिवशी बहीणच म्हणाली, बाई गं, तू रोज का येतेस? तेव्हा कुठे वजनाची गोष्ट निघाली. ती कोणी काढली? शहाताने. थोडी खरीही होती. नाक जड झालं की गाडी सरळ राही. पण तेवढ्यासाठी वाळूची एक गोणी पुरली असती, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही.

समोर पवनचक्क्यांची रांग दिसू लागली. डोंगर संपत आला.

"बाबा, इंजिन तापल्यासारखं वाटतंय," रुश्दी म्हणाला. त्याचा आवाज कोरडा पडला होता.

"हं," शहाता म्हणाला. त्याने झग्याच्या खिशातून संत्रं काढलं आणि सोलायला लागला. वास गाडीभर पसरला. एक फोड त्याने मुलाच्या तोंडापाशी नेली.

रुश्दीने रस्त्यावरची नजर न काढता तोंड उघडलं. फोड चावता चावता तो एकदम थांबला.

"आई इथेच सोलायची. मी मागे बसलेलो असायचो. मला कधीच नाही मिळायची पहिली फोड."

"पहिली माझी असायची. तोंडाला कोरड पडायची माझ्या इथे."

"तुमच्या?"

"मग काय त्या पवनचक्कीच्या?"

डोंगर संपला आणि वाऱ्याने धडक दिली. व्हॅन डावीकडे सरकली, मागे कोणीतरी "या सातिर! वाचव रे देवा!" म्हणून ओरडलं. पण नाक वळलं नाही.

"भांडू नकोस तिच्याशी. वेग उतरव. हात सैल. वारा ढकलतोय तेवढंच तू उजवीकडे टेकून राहा," शहाता म्हणाला आणि दुसरी फोड पुढे केली. "आता उजव्या कडेला ट्रक उभा आहे. त्याच्या आड वारा नाहीसा होईल, तेव्हा टेकलेला हात सोड, नाही तर आपणच उजवीकडे पडू. मग परत येईल तो. हां. असं."

ट्रक मागे पडला. गाडी डोलली आणि सावरली. रुश्दीच्या कपाळावरून घाम गळत होता, पण पाय ब्रेकवर नव्हता. पवनचक्क्या एकेक करून मागे पडल्या. पुन्हा डोंगर आला तेव्हा गाडीत सगळे एकाच वेळी बोलायला लागले, आणि मागच्या विद्यार्थ्याने विचारलं, संत्रं उरलंय का?

शहाता सालं मुठीत धरून बसला होता. नबवियाला त्याने एकदाही म्हटलं नव्हतं की तू होतीस म्हणून मी गेलो. आता कोणाला सांगणार? त्याला तिची इतकी आठवण आली की त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी वारा आणखी चढला. शहाता नेहमीसारखा टपरीवर बसला होता. रुश्दीने सगळं वजन कालच्यासारखं पुढे घेतलं होतं, गाडी भरली होती, पुढची सीट मात्र त्याने कोणाला दिली नव्हती. एकाने त्यावर पिशवी ठेवली तर ती उचलून परत दिली.

"काय रे, कोणाची वाट बघतोस?" बयूमीने हाक मारली.

रुश्दी क्षणभर घुटमळला. मग सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "बाबा, या लवकर! पुढे वजन कमी पडतंय. तुमच्याशिवाय गाडी नाक उचलते."

स्टँडवर हशा पिकला. "या म्हाताऱ्याचं वजन? अरे, त्याला खिडकी बंद करून न्या, उडून जाईल!" "क्रेन गेली आणि मागे हूक राहिला!"

शहाता उठला. बाकावरून व्हॅनपर्यंतचा रस्ता त्याने त्या हशातून पार केला, आणि हा रस्ता वीस वर्षं ती कशी चालली असेल ते त्याला पहिल्यांदा कळलं. दारापाशी तो वळला आणि सगळ्यांत मोठ्याने हसला. मग वर चढून, झगा पसरून, कोपरं बाहेर काढून, जमेल तेवढी जागा व्यापून बसला.