मागून बघणारं कोणी

डिचोलीचा कृष्णनाथ खाणीच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटर होता. खाण बंद पडली, हातांना चैन पडेना, तेव्हा त्याने रिमोटवर उडणारी छोटी विमानं बांधायचं खूळ डोक्यात घेतलं. चार बांधली, आणि चारही नार्व्याला नदीकाठच्या कापलेल्या शेतांवर सुतासारखी सरळ उडाली. त्याचं सगळं श्रेय तो आपल्या मापाला द्यायचा, तेही चारचौघांत, मान ताठ करून.

पाचवं मात्र अर्धवट राहिलं होतं. दुहेरी पंखांचं, अबोलीच्या रंगाचं. रंग त्याच्या बायकोने, शेवंतीने निवडलेला. पंख बसले आणि ती आजारी पडली. शेपूट राहिलं ते राहिलंच. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाच्या आधी विमान पुरं करायचं आणि तिने निवडलेला रंग एकदा नार्व्याच्या आभाळात बघायचा, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

शेपूट म्हणजे दोनच पातळ फळ्या, एक आडवी, एक उभी. पण आडवी फळी पंखांशी जुळून बसली नाही तर विमान एका अंगाला ओढत राहतं. पूर्वी हे काम ओसरीवरच्या मेजावर चालायचं, आणि शेवंती मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून भाजी चिरायची. मध्येच मान वर करून म्हणायची, "ओ, उजवी बाजू वायच वर घेवा."

"तुका काय कळता त्यातला?" असं गुरकावून तो उजवी बाजू वर घ्यायचा.

आता सांगणारं कोणी नव्हतं. शेजारणीला हाक मारावी असं एकदा मनात आलं, पण तिला सांगायचं काय? जरा येऊन मागे बसा आणि बघा? त्याचं त्यालाच कसंनुसं झालं. शेवटी वर्कशॉपातली जुनी लेव्हल काढली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. ती शेपटावर आडवी ठेवली, बुडबुडा बरोबर मध्यावर आणला आणि गोंद भरला.

"हिचं माप चुकायचं नाही," तो मोठ्याने म्हणाला. आताशा तो सगळंच मोठ्याने म्हणायचा.

गोंद वाळेपर्यंत त्याने चहा टाकला. कप घेऊन दारात आला आणि तिथेच थबकला. शेपूट वाकडं होतं. चांगलं बोटभर.

लेव्हल खरीच होती. ओसरी वाकडी होती. पावसाचं पाणी अंगणात वाहून जावं म्हणून त्यानेच गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून जमिनीला उतार काढून घेतला होता. मेज कललेलं, त्यावरचं विमान कललेलं, पंखही कललेले. एकटं शेपूट तेवढं सरळ. चार विमानं याच मेजावर झाली, तरी हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. यायची वेळच शेवंतीने येऊ दिली नव्हती. ज्या मापाच्या बढाया तो चारचौघांत मारत होता, ते तिच्या डोळ्यांत होतं. चहा तसाच निवला.

त्याने ब्लेडने शेपूट कापून काढलं. सावकाश धरणारा गोंद लावला, आणि वर्षभर भिंतीशी उभा असलेला तिचा पाट दाराशी मांडला. त्यावर बसायचं, बघायचं, गुडघ्यांवर हात देत उठायचं, मेजाशी जाऊन शेपूट केसभर हलवायचं, परत येऊन बसायचं. बाराव्या खेपेला शेपूट पंखांशी जुळलं.

अशा वेळी ती म्हणायची, "आता सरळ झाला," आणि विळीकडे वळायची. तो पाटावर बसून राहिला. ते शब्द आता कोणी म्हणायचे, हे त्याला कळेना. स्वतः म्हणून बघावं म्हटलं, तर तोंडातून भलतंच आलं.

"तुकाच कळता गो त्यातला," तो म्हणाला.